पान एकशे बारा

वाझाच्या गॅरेजात पुस्तकांना तीन फळ्या,
चौथीवर मेणबत्त्या. नव्वद सालानंतर
अंधाराचे जे हिवाळे आले, त्यांची सवय.
चियातुराच्या दरीवरून केबलच्या पेट्या जायच्या
तेव्हा त्यांच्या पुल्यांना ग्रीस लावणारा हाच.
आता तो नाही. किल्ली माझ्याकडे आहे,
आणि साइडकारवाली एक मोटारसायकल,
पोट उघडून ठेवलेली.

वरच्या फळीवर जाडजूड ग्रंथ. कापडी बांधणी,
आत अशी इंजिनं की ज्यांचं तेल कधी गळलं नाही,
ज्यांच्या एकाही नटाचे कोपरे झिजले नाहीत.
ते पाहुण्यांसाठी.

मधल्या फळीवर लेथची चोपडी. हिच्यावर माझा जीव.
लिहिणारा कोण ते कळत नाही, पहिलं पान गेलंय,
पण माणूस चांगला असणार.
प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लिहितो :
आता थांबा. चहा घ्या. मग पुन्हा मोजा.
आट्यांच्या तक्त्यात त्यानं एक ओळ कोरी सोडलीय
आणि खाली बारीक टाइपात :
हे मला जमलं नाही, तुम्ही बघा.

असं किती पुस्तकं म्हणतात?

आणि अगदी खाली, गोणपाटात गुंडाळलेलं,
मोटारसायकलचं मॅन्युअल.
कुठूनही उघडा, पान एकशे बाराच निघतं.
गिअरबॉक्सची सुटी आकृती :
प्रत्येक चाक, प्रत्येक चकती आपापल्या जागेपासून
बोटभर लांब, हवेत,
जणू स्फोट झाला आणि कुणी ओरडलंच नाही.

समासात एतेरीचं अक्षर. वाझाची बायको.
अक्रोड अडीचशे ग्रॅम. लसूण. व्हिनेगर.
वांगी उभी, पातळ कापून.
पुराणातली वांगी पुराणात राहतात म्हणे.
ही गिअरबॉक्सात शिरली,
आणि ती गेल्यावर वाझा दर सप्टेंबरला
मॅन्युअल चुलीशेजारी टेकवून
काळ्या नखांनी वांगी तळायचा.
चव? डिझेलची थोडी. आम्ही बशी चाटून पुसून द्यायचो.

खालच्या कोपऱ्यात बोल्ट किती आवळायचा त्याचा आकडा.
छापलाय बेचाळीस.
त्यावर पेन्सिलीची रेघ : खोटं. छत्तीस. बोल्ट तुटला.
त्याखाली जांभळ्या शाईत दुसऱ्याच कुणाचं :
छत्तीसला सैल पडतो. अडतीस.
मग वाझा, दात ओठ खाऊन लिहिल्यासारखा :
आधी वॉशर बदल, गाढवा.

मला रशियन धड येत नाही.
आमच्या वेळी शाळेत ती उरलीच होती नावापुरती.
आकडे येतात. डाग येतात.
अंगठ्याचा ठसा कुठल्या ओळीवर सर्वात काळा आहे
हे पाहिलं की कळतं
माणूस कुठे अडला होता.

काल वॉशर बदलला. चहा घेतला. पुन्हा मोजलं.
जांभळ्या शाईवर विश्वास ठेवून आवळत गेले,
सदतीस, साडेसदतीस,
दांडा मनगटाशी काहीतरी बोलला
आणि मी ऐकलं नाही.
आवाज केवढासा. अक्रोड फुटावा तेवढा.

अडकलेला तुकडा काढण्यात दुपार गेली.
ड्रिलची दोन पाती गेली.
एक शिवी गेली, मग तिच्या सगळ्या बहिणी.

दिवे लागणीला चाकूनं पेन्सिल तासली
आणि आमच्या गोल गोल अक्षरांत लिहिलं :
अडतीसला तुटला.
थोडं थांबून, कारण खरं तेच लिहावं,
पुढे जोडलं :
पण बोल्ट जुना होता. दोष आकड्याचा नसेलही.

वरच्या गल्लीतला लाशा दाराशी उभा होता,
त्याच्या आजोबांची तसलीच गाडी, तसंच उघडं पोट.
"नातेला, मग नक्की आकडा किती?"

मी पुस्तक गोणपाटासकट त्याच्या हातात दिलं.
म्हटलं, सप्टेंबरच्या आत परत आण.
पेन्सिल आतच आहे.